टॉवर नीट उतरला पाहिजे

२९ डिसेंबर, सोमवार

कारेलीबागेतल्या मधुवंती सोसायटीत देखरेखीच्या नोकरीचा पहिला दिवस बरा गेला. पाण्याची टाकी भरली, लिफ्टच्या दाराला तेल दिलं, कचऱ्याची गाडी आल्यावर सगळ्या मजल्यांना हाका मारल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, एकदा हाक मारली तरी ऐकू येतं. उद्या एकदाच मारीन.

सोसायटीचे चेअरमन वसंतकाका निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, "समरजित, संक्रांतीपर्यंत बघू. जमलं तर कायम."

आधीच्या नोकऱ्या एकदा लिहून टाकतो, म्हणजे मनातून जातील. नंदेसरीच्या कारखान्यात पिंपांना झाकणं लावायचो. लावलेलं झाकण नीट बसलं का, हे उघडून बघायचो. सुपरवायझर म्हणाले, "तू झाकणं लावायला येतोस की काढायला?" कुरिअरमध्ये पत्ता बरोबर आहे का, हे शेजाऱ्यांना विचारून मग बेल वाजवायचो. दोन्हीकडून एकाच कारणानं काढलं. मुलगा सरळ आहे, पण फार वेळ लावतो आणि फार विचारतो. दहावी अर्धवट सोडल्यापासून हेच चाललं आहे. आमचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत हवालदार होते. तेही तोफ साफ करायला फार वेळ लावत असत, असं आई म्हणते. ती कौतुकानं म्हणते की कसं, ते कळत नाही. या वेळी मात्र तिनं बजावलं आहे, प्रश्न कमी विचार.

ही डायरी देवश्रीनं दिली. चौथ्या मजल्यावरच्या मंदाकिनीकाकूंची मुलगी. घरीच ट्यूशन घेते. म्हणाली, "मला दोन मिळाल्या. तू मनातल्या मनात बोलत असतोस, ते इथे लिही."

मी मनातल्या मनात बोलतो हे बाहेरून दिसतं, हे माहीत नव्हतं.

३० डिसेंबर, मंगळवार

गच्ची पाहिली. गच्ची फक्त नावाला. मधोमध मोबाइल कंपनीचा जुना लोखंडी टॉवर उभा आहे, चार पाय चार बाजूंना रोवून. कंपनीनं तो कधीचाच बंद केला, पण काढून नेत नाही. फोन उचलत नाहीत. एका पायाशी भेग आहे आणि तिथून काकूंच्या देवघरात पाणी ठिबकतं.

पण खरं दुःख उत्तरायणचं आहे. संक्रांतीच्या त्या दिवशी सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं आणि मधुवंतीची माणसं दुसऱ्यांच्या गच्च्यांवर पाहुण्यासारखी जातात. काकू म्हणाल्या, "पाहुण्याला मांजाची फिरकी धरायला देतात रे. पतंग कोणी देत नाही."

१ जानेवारी, गुरुवार

वर्षाची सुरुवात इतकी चांगली होईल असं वाटलं नव्हतं. टॉवर काढायला कंपनीची माणसं आली!

पिवळी जॅकेटं, हेल्मेटं, टेम्पो, दोरखंड, गॅस कटर. त्यांचे प्रमुख गोविंदभाई. पोट सुटलेले, हसतमुख, बोलायला गोड. ते गुजरातीत बोलतात, मी इथे बहुतेक मराठीत उतरवतो. टॉवरवर चढणारा नील. तिशीचा, बारीक, फार बोलत नाही. बाकी दोघे खाली ओझं धरायला.

मी कंपनीचं पत्र मागितलं. गोविंदभाई म्हणाले, मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइल चार्ज नाही. मी चार्जर आणायला निघालो, तर वसंतकाकांनी खांद्यावर हात ठेवला.

"समरजित, काही गोष्टी विचारल्या की बिघडतात."

"पण काका, नियम—"

"नेतायत ना? नेऊ दे."

पहिल्याच आठवड्यात परत तेच केलं. रात्री आईनं विचारलं तर तिला सांगितलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

गोविंदभाईंचा विचार होता की कटरनं टॉवर कापून तुकडे मागच्या बाजूला टाकून द्यायचे आणि संध्याकाळी निघायचं. मी हात जोडले. गच्चीच्या कडेनं स्वयंपाकाच्या गॅसची पाइपलाइन जाते. ठिणगी उडाली तर?

"अरे भाई, कांई नहीं थाय. रोजनुं काम छे."

तेवढ्यात मंदाकिनीकाकू वर आल्या. "ठिणगी? माझ्या घरावर? कापायचं नाही. बोल्ट खोलून काढा. लावताना लावलेच होते ना, तसेच काढा."

"बेन, बोल्ट गंजलेत."

"मग तेल घाला. समर, यांना तेल दे."

तेल दिलं. गोविंदभाई बराच वेळ टॉवरकडे बघत उभे राहिले. मोठ्या कामाची जबाबदारी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

५ जानेवारी, सोमवार

शनिवारी नील कमरेला काही न बांधता वर चढत होता. मला खाली उभं राहून बघवत नव्हतं. काल नंदेसरीला जाऊन जुन्या ओळखीवर एक सेफ्टी बेल्ट उसना आणला आणि आज त्याला स्वतः बांधला. बकल तीनदा ओढून पाहिलं. नील माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं? घट्ट झालं?"

"नाही," तो म्हणाला. "मला कोणी कधी बांधला नव्हता."

कंपनीनं आपल्या माणसांना बेल्टही देऊ नये, याचं वाईट वाटलं.

वरचा टप्पा दोरीनं आणि कप्पीनं अलगद उतरवला. प्रत्येक तुकड्यावर मी पांढऱ्या रंगानं आकडा घातला, म्हणजे कंपनीला परत जोडताना त्रास नको. गोविंदभाईंनी विचारलं, "परत कोण जोडणार?" मी म्हटलं, जो जोडेल तो तुम्हाला दुवा देईल. ते आधी हसले आणि मग खोकले.

दुपारी काकूंनी सगळ्यांना मुगाची खिचडी आणि कढी वाढली. वाढता वाढता माझ्याकडून नंदेसरीच्या झाकणांची गोष्टही काढून घेतली. पहिल्या मजल्यावरून जिलबी आली. नीलला लोक 'इंजिनिअरसाहेब' म्हणायला लागले आहेत. जेवताना तो ताठ बसला होता.

७ जानेवारी, बुधवार

आज कोणी आलंच नाही.

टॉवर अर्धा उतरलेला. वरचे आडवे अँगल सैल. वारा सुटला की कुरकुर आवाज येतो. उत्तरायण आठवड्यावर आलं आहे. सोसायटीत सगळे मला विचारतात आणि मी गोविंदभाईंना फोन करतो. शेवटी त्यांनी उचलला.

"भाई, आमची तब्येत जरा..."

"सगळ्यांची?"

"हा, सगळ्यांची."

मी म्हटलं, गोविंदभाई, काळजी करू नका, आराम करा. मी उद्या तुमच्या कंपनीच्या ऑफिसात जातो आणि दुसरी टीम मागून घेतो.

"नहीं नहीं नहीं!" ते ओरडले. "ऑफिसात नको जाऊ, भाई! सकाळी येतो. आठला येतो. सातला येतो."

किती प्रामाणिक माणूस. तब्येत बरी नसताना साहेबांच्या धाकानं येणार. हा धाक मला चांगला माहीत आहे. सुपरवायझरची चप्पल वाजली तरी माझ्या हातातून झाकण पडायचं.

८ जानेवारी, गुरुवार

आले. सातच्या आधी. सगळ्यांची तब्येत छान दिसत होती. तरी मी आल्याचा चहा दिला.

देवश्री वर आली होती. तिनं विचारलं, "समर, यांच्या जॅकेटवर रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराचं नाव का आहे?"

मी सांगितलं की मोठ्या कंपन्या खर्च वाचवायला जुनी जॅकेटं घेतात. नंदेसरीला माझ्या हेल्मेटवर दूध डेअरीचं चित्र होतं.

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. "तू फार चांगला आहेस, समर."

जॅकेटाचा आणि याचा काय संबंध, ते कळलं नाही. पण नंतर जिना उतरताना दोन पायऱ्या चुकलो.

१० जानेवारी, शनिवार

टॉवर उतरला! चारही पाय निघाले. सगळं लोखंड पार्किंगच्या मागे लांबीप्रमाणे लावून ठेवलं आहे. नट-बोल्ट तेल लावून बादल्यांत.

गच्ची इतकी मोठी आहे, हे कोणालाच आठवत नव्हतं. वसंतकाका या टोकापासून त्या टोकापर्यंत हात मागे बांधून चालत गेले आणि परत आले. मग परत गेले.

गोविंदभाई लगेच टेम्पो भरायला निघाले होते. काकू जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आणि ही चार भोकं?"

"बेन, ते आमचं काम नाही."

"तुमचं नाही? माझ्या देवांवर पाणी कोणाच्या टॉवरचं पडतं? कंपनी तुमची, भोकं तुमची. बुजवा."

गोविंदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काकूंचं बरोबर आहे. ते स्वतःच्या पदरचं सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचं औषध घेऊन आले. नीलनं सुरेख गिलावा केला. त्याचा हात इतका चांगला आहे, हे त्याला स्वतःलाही माहीत नसावं. काम झाल्यावर तो लांब जाऊन बघत होता. काकूंनी सांगितलं, रविवारी सुकू द्या, सोमवारी पाणी ओतून बघू, मगच जा.

११ जानेवारी, रविवार

आज मनात एक कल्पना आली. मला कोणत्याही नोकरीत कोणी साहेबासमोर चांगलं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित टिकलो असतो. गोविंदभाईंच्या ऑफिसात जाऊन त्यांची स्तुती केली तर? त्यांना सांगणार नाही, उगाच घाबरतील. अचानक कळलं की किती आनंद होईल!

आईनं तिळगूळ केला आहे. एक डबा साहेबांसाठी मागून घेतला.

१२ जानेवारी, सोमवार

हे मी कंपनीच्या अलकापुरीतल्या ऑफिसात बाकावर बसून लिहितो आहे. वाट बघायला सांगितलं आहे.

इथले निहारसाहेब फार आदबीनं वागले. मी म्हटलं, "तुमचे गोविंदभाई म्हणजे सोन्यासारखा माणूस आहे."

"कोण गोविंदभाई?"

"कारेलीबागेत तुमचा टॉवर उतरवला ते."

निहारसाहेब उठले, दार लावलं आणि मला स्वतःच्या हातानं पाणी दिलं. मग म्हणाले, सगळं सावकाश सांगा. मी प्रत्येकाचं वर्णन केलं. गोविंदभाईंची उंची, नीलच्या भुवईवरची खूण, टेम्पोचा नंबरसुद्धा. साहेब लिहून घेत होते. नीलला बढती मिळाली तर फार बरं होईल. त्याच्या बेल्टचंही मी बोललो.

"ते लोक आता कुठे आहेत?"

"टेम्पो भरतायत. पण मी आल्याशिवाय निघणार नाहीत. लांब अँगलच्या टोकांना लाल कापड बांधायचं राहिलं आहे, ते मी घेऊन जाणार आहे."

निहारसाहेब म्हणाले, "मग तुम्ही बसा. कापडाची अजिबात घाई करू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी घाई करू नका म्हणालं. डोळ्यांत पाणी आलं.

आता दोन पोलीसही आले आहेत. लांब सामान रस्त्यानं न्यायचं म्हणून बंदोबस्त असणार. तिळगुळाचा डबा उघडला. त्यांनीही घेतला. मला गाडीत पुढे बसायला सांगत आहेत.

१३ जानेवारी, मंगळवार

गोविंदभाई चोर आहेत.

हे वाक्य लिहून परत वाचलं. शब्द बरोबर आहेत. त्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. बंद पडलेले टॉवर शोधायचे, कंपनीची माणसं म्हणून जायचं, कापायचे आणि भंगारात विकायचे, हा त्यांचा धंदा. माझ्या हातानं मी त्यांना तेल दिलं, दोरी धरली, आल्याचा चहा केला.

काल आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो भरलेला होता, पण गेटला कुलूप. कुलूप काकूंनी लावलेलं. त्या गच्चीवर बादल्याच्या बादल्या ओतत होत्या आणि खाली देवघरात पाणी येतं का, हे ओरडून देवश्रीला विचारत होत्या. गोविंदभाई गेटच्या आतून त्यांना आता जाऊ द्या म्हणून विनवत होते, "बेन, हवे जवा दो ने!" पोलिसांची गाडी दिसली आणि ते खालीच बसले. नील पळालाही नाही.

पोलीस स्टेशनात मला वाटलं आता आपणही आत. गोविंदभाईंचा जबाब चालला होता आणि ते माझ्याकडे बोट दाखवून रडकुंडीला आले होते.

"साहेब, एका दिवसाचं काम होतं! कापायचं, भरायचं, निघायचं. या माणसानं आम्हाला बोल्ट खोलायला लावले. एकेक! गंजलेले! मला गिलाव्याचं सिमेंट आणायला लावलं. चोरीत कधी कोणी घरचं सिमेंट घातलंय? पळून गेलो तर फोन करून तब्येत विचारतो! लिहा साहेब, हे पण लिहा."

इन्स्पेक्टरसाहेब लिहिता लिहिता थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून वसंतकाकांना म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही शिकलेले. यांच्याकडे एकही कागद मागितला नाहीत?"

वसंतकाका छताच्या पंख्याकडे बघत राहिले. त्यांना मानेचा त्रास असावा. मी सांगितलं, मागितला होता, मीच मागितला होता, पण मोबाइल चार्ज नव्हता. काका मान आणखी वर करून बघू लागले.

निहारसाहेबांनी लोखंड पाहिलं. म्हणाले, चोरी पकडली तरी आम्हाला नेहमी तुकडेच मिळतात. हा तर आकडे घातलेला पूर्ण टॉवर आहे, जसाच्या तसा उभा करता येईल. मग अडखळत विचारलं, सोसायटीची परवानगी असेल तर इथेच...

"निहारभाई," वसंतकाका एकदम खाली बघून म्हणाले, "तुम्ही चहा घ्या."

मला सोडलं. पण चोरांना आत घेणारा, जेवू घालणारा मीच. घरी येताना वसंतकाका नोकरीबद्दल काही बोलले नाहीत. उद्या संक्रांत. मुदत उद्याचीच आहे. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निदान त्या मुलाला पट्टा तरी बांधलास." मग उरलेला तिळगूळ वळत बसली.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण

सकाळी आधी पोलीस स्टेशनात गेलो. शिपायानं विचारलं, कशाला? म्हटलं, तिळगूळ द्यायचा आहे. इन्स्पेक्टरसाहेबांनी मला आत सोडायला सांगितलं.

"तिळगूळ घ्या, गोड बोला, गोविंदभाई."

"तुझ्याशी गोड बोललो म्हणून तर इथे आलो," ते म्हणाले. पण घेतला. दोन घेतले. नीलला सांगितलं, देवघर कोरडं आहे, थेंबही नाही. त्यानं परत विचारलं, "खरंच? एकही नाही?" सुटल्यावर गिलाव्याचं काम कर, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "तुझ्या हाताखाली नको. बाकी कुठेही करीन." आणि हसला. त्याला हसताना मी आजच पहिल्यांदा पाहिलं.

मधुवंतीवर पोचलो तर जिन्यातच आवाज ऐकू आला. सगळी सोसायटी गच्चीवर होती. तिसऱ्या मजल्याचे आजोबा खुर्चीत, कानाला मफलर, हातात मांजा. उंधियूचं पातेलं कठड्याजवळ. ते आधी मी आत सरकवलं. शेजारच्या गच्चीवरची माणसं आमच्याकडे पाहुणी आली होती आणि मंदाकिनीकाकू त्यांना सांगत होत्या, "या, या, ही फिरकी धरा."

मी कठड्याजवळची माणसं दोन पावलं मागे घेत फिरत होतो. देवश्रीनं माझा हात धरून मधोमध आणलं, जिथे टॉवर होता तिथे, आणि हातात पतंग दिला. मी म्हटलं, मला येत नाही. "येत नाही कसं? बडोद्याचा ना तू?" ती फिरकी घेऊन माझ्या मागे उभी राहिली. पतंग दोनदा आपटला. तिसऱ्यांदा चढला. मग वाऱ्यानं ओढ घेतली आणि बोटाला कळलं की वर कोणीतरी आहे. कारेलीबागेचं सगळं आकाश भरलं होतं. एक हिरवा पतंग माझ्यावर आला, मी घाबरून ढील दिली, देत राहिलो, आणि हिरवा गळून पडला. गच्ची ओरडली, "काप्यो रे काप्यो!" आजोबाही ओरडले. मीही ओरडलो. मला माझा आवाज इतका मोठा आहे हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात वसंतकाकांनी पातेल्यावर पळी वाजवली.

"मंडळी, सोसायटीची सभा! एकच विषय. समरजित शिर्के यांना कायम करायचं. यांनी चोरांकडून आपली गच्ची रिकामी करून घेतली, गळती बंद करून घेतली आणि वर चोर पकडून दिले. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा."

कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. सगळ्यांचे हात वरच होते. कोणी ओढत होतं, कोणी ढील देत होतं.

"एकमतानं मंजूर!" वसंतकाका म्हणाले.

कायम व्हायचं तर फार मनात होतं. पण चुकीचं ते चुकीचं. मी म्हटलं, "काका, हे मतदान धरता येणार नाही. यांनी विषय ऐकलेलाच नाही. हात पतंगासाठी वर आहेत. पतंग उतरल्यावर परत घ्यायला हवं."

काकांनी पळी खाली ठेवली. देवश्री मागे फिरकीवर वाकून हसत होती. काकू म्हणाल्या, "झालं! आता हा स्वतःचंही झाकण उघडून बघणार."

"ठीक आहे," वसंतकाका म्हणाले. "नियमानं होऊ दे. वारा पडला की सगळ्यांचे हात खाली येतील, तेव्हा परत घेऊ. तोपर्यंत तू या गच्चीचा व्यवस्थापक. उडव."

पाच वाजून गेले आहेत. बोटं मांज्यानं कापली आहेत, देवश्रीनं पट्टी बांधली आहे, म्हणून अक्षर वाकडं येत आहे. ती हाक मारते आहे. वारा अजून पडलेला नाही.